ब्राउझर कोणी निवडला?

२०११ च्या जुलैअखेरीस एका बातमीने भल्याभल्या वृत्तसंस्थांना गंडवले. ‘ॲप्टिक्वान्ट’ नावाच्या कॅनडातल्या एका मानसशास्त्रीय सल्लागार कंपनीने म्हणे एक लाखाहून अधिक लोकांचा बुद्ध्यंक मोजला होता. ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ वापरणाऱ्यांचा बुद्ध्यंक सर्वांत कमी आणि ‘ऑपेरा’सारखे ब्राउझर वापरणाऱ्यांचा बराच वरचा, असा तिचा निष्कर्ष. बीबीसीसह अनेकांनी बातमी दिली. काही दिवसांतच कळले की अशी कंपनीच नव्हती. तिच्या कर्मचाऱ्यांची छायाचित्रे एका फ्रेंच कंपनीच्या संकेतस्थळावरून उचललेली होती. एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्तीला वैतागलेल्या एका वेब डेव्हलपरने केलेली ती थट्टा होती.

थट्टा इतकी सहज खपली, कारण वस्तूवरून माणसाची पारख करायला सर्वांनाच आवडते. पुढे अमेरिकेत ग्राहकसेवेतल्या कर्मचाऱ्यांची माहिती तपासताना एक खरे निरीक्षण हाती आले. फायरफॉक्स किंवा क्रोम वापरणारे कर्मचारी एक्स्प्लोरर किंवा सफारी वापरणाऱ्यांपेक्षा १५ टक्के अधिक काळ नोकरीत टिकत होते. ॲडम ग्रँट यांच्या २०१६ च्या ‘ओरिजिनल्स’ या पुस्तकामुळे ते बरेच गाजले. अर्थात फायरफॉक्स टाकल्याने नोकरी टिकत नाही. छत्री घेऊन निघणाऱ्यांमुळे पाऊस पडत नाही, तसेच हे. पण त्यात एक धागा आहे. एक्स्प्लोरर आणि सफारी संगणकाबरोबर आयते येत. फायरफॉक्स आणि क्रोम मुद्दाम उतरवून घ्यावे लागत. फरक ब्राउझरच्या गुणांचा नसून, आयते मिळालेले कोणी वापरले आणि कोणी बदलले याचा होता.

अनेकांच्या मनात ‘गुगल’ आणि ‘इंटरनेट’ एकच असतात, म्हणून एक खुलासा. ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणारे ॲप: क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही त्यांची नावे. गुगल हे शोधयंत्र या कोणत्याही खिडकीतून उघडता येते. खिडकी कोणती, हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही, कारण फोन हाती येतो तेव्हा ती बसवलेली असते.

तिच्यावरूनच जगातले मोठे खटले झाले. मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोरर विंडोजला जोडून दिला आणि नेटस्केपसारखा तेव्हाचा अग्रगण्य ब्राउझर काही वर्षांत संपला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने त्याविरुद्ध दावा लावला. तरीही २००२-०३ च्या सुमारास एक्स्प्लोररचा वाटा ९५ टक्क्यांच्या आसपास होता. युरोपीय आयोगाने २०१० पासून विंडोजवर ‘तुमचा ब्राउझर निवडा’ असा पडदा दाखवायला लावला. मधल्या काळात तो पडदा लाखो संगणकांवरून गायब झाला, तेव्हा २०१३ मध्ये कंपनीला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. आज खेळाडू वेगळे आहेत, डाव तोच. आपले शोधयंत्र फोनवर आणि ब्राउझरमध्ये आधीपासून बसवलेले असावे, यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर इतरांना दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरच्या अशाच वर्चस्वाबद्दल गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. सेटिंग बदलायला जेमतेम मिनिटभर लागते. तरी ते बदलू नये म्हणून कोणी एवढा पैसा मोजत असेल, तर लोक ते बदलत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक आहे.

वैद्यकाला हे नवे नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये युरोपातल्या अवयवदानाच्या संमतीची तुलना मांडली होती. जर्मनीत संमती १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून अधिक. भाषा तीच, समाजही फार वेगळा नाही. फरक इतकाच की जर्मनीत दाता व्हायचे तर नाव नोंदवावे लागे आणि ऑस्ट्रियात नको असेल तर कळवावे लागे. (कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला अवयव नव्हे, हे या आकड्यांची भुरळ पडलेल्यांनी लक्षात ठेवावे.) मरणोत्तर देहाच्या प्रश्नावरही माणूस आयता पर्याय बदलत नाही, तिथे ब्राउझरची काय कथा!

तरी सगळेच आयते वापरत होते असेही नाही. स्वस्त डेटा येण्यापूर्वी भारतात ‘ऑपेरा मिनी’ लोकांनी शोधून शोधून घेतला. तो पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर दाबून लहान करी आणि मग फोनवर पाठवी, त्यामुळे टूजीवरही पान उघडे आणि रिचार्ज पुरे. ज्या फोनमध्ये देवनागरी नव्हती, तिथे अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनीच्या आत दडलेले एक सेटिंग बदलले की अक्षरे चित्रांच्या रूपात येत आणि मराठी वाचता येई. ते सेटिंग मित्रांनी एकमेकांना सांगितले. चिनी ‘यूसी ब्राउझर’ डाउनलोडसाठी असाच घरोघर गेला. टोरांटोच्या ‘सिटिझन लॅब’ने २०१५ मध्ये दाखवून दिले की तो वापरणाऱ्यांची नाजूक माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जाऊ देत होता. पण सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तो गेला तो सीमेवरच्या संघर्षानंतर. लोकांनी माहितीच्या काळजीने तो सोडला, असे झाले नाही.

म्हणजे लोक ब्राउझर बदलतात ते काही अडले की: पैसे, वेग, अक्षरे. साठीनंतरचे वाचक आजही अक्षर मोठे होते आणि जाहिराती मधे येत नाहीत एवढ्यासाठी एखादा ब्राउझर धरून बसतात. मोतीबिंदू किंवा मधुमेहाने नजर गेलेल्यांसाठी ती चैन नाही. सफारी आणि फायरफॉक्समध्ये पानावरचा पसारा काढून फक्त मजकूर दाखवायची सोय आहे, ती घरातल्या कोणी तरी वडीलधाऱ्यांना सुरू करून द्यावी. खासगीपणा मात्र अडत नाही. तो गेल्याचे कळतच नाही, म्हणून त्यासाठी कोणी ब्राउझर बदलत नाही.

आणि आजारांच्या बाबतीत नेमके तेच महागात पडते. गुप्तरोगाची शंका, पाळी चुकल्याची धास्ती, गाठ लागल्याची भीती, मरून जावेसे वाटणे. यातले काहीही आज माणूस डॉक्टरला सांगण्याआधी फोनला सांगतो. डॉक्टरला त्याने सांगितले तर कायदा आडवा येतो. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे, मनोरुग्णांच्या गोपनीयतेसाठी त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य कायदा आहे, आणि गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला २०२१ च्या दुरुस्तीनुसार कैद होऊ शकते. तीच स्त्री तोच प्रश्न फोनवर विचारते, तेव्हा पलीकडे अशी शपथ घेतलेले कोणी नसते.

हे घडते कसे, ते पाहू. एखाद्या रोगाची माहिती देणारे पान उघडले की फक्त त्या संकेतस्थळाशी संपर्क होतो, असे वाटते. प्रत्यक्षात त्या पानात जाहिरात कंपन्यांचे, समाजमाध्यमांचे, वाचक मोजणाऱ्यांचे तुकडे जोडलेले असतात आणि ब्राउझर त्या प्रत्येकाच्या सर्व्हरशी बोलतो. पानाचा पत्ता अनेकदा त्यांनाही जातो आणि पत्त्यातच रोगाचे नाव असते. हे तिऱ्हाईत ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची एक खूण ठेवतात. तोच तिऱ्हाईत उद्या चपलांच्या दुकानाच्या पानावर असतो, परवा बातम्यांच्या. खूण ओळखून तो तिन्ही भेटी एका माणसाच्या नावे जमा करतो. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या मागे वही घेतलेले चार अनोळखी लोक बसावेत आणि तेच लोक नंतर त्याला बाजारातही भेटावेत, तसा हा प्रकार आहे. टिमोथी लिबर्ट यांनी २०१५ मध्ये आरोग्यविषयक ८० हजारांहून अधिक पाने तपासली. त्यांतली ९१ टक्के पाने तिऱ्हाइतांशी संपर्क करत होती. अमेरिकेत औषधांच्या सवलती देणाऱ्या ‘गुडआरएक्स’ कंपनीने ग्राहकांची औषधे आणि आजार यांची माहिती फेसबुक, गुगल यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये १५ लाख डॉलरचा दंड बसला.

इथे ब्राउझरांमधला फरक कामाचा ठरतो. सफारीने मार्च २०२० पासून तिऱ्हाइतांच्या कुकी सरसकट अडवल्या. फायरफॉक्स २०१९ पासून मागावर राहणाऱ्यांच्या कुकी अडवतो आणि २०२२ नंतर प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो, म्हणजे एका डब्यातली खूण दुसरीकडे चालत नाही. ब्रेव्हही अडवतो. क्रोममध्ये मात्र त्या आपोआप अडत नाहीत, वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्या लागतात. गुगलने २०२० मध्ये दोन वर्षांत त्या संपवायचे जाहीर केले होते, मुदत लांबवत नेली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडला. ज्या कंपनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे, तिच्या ब्राउझरने जाहिरातदारांचे डोळे स्वतःहून झाकावेत ही अपेक्षा जरा भाबडीच होती. क्रोम वेगवान आहे, त्याची सुरक्षा चांगली आहे, त्याच्या आवृत्त्या वेळेवर येतात, हे सगळे खरे. पण आजाराची चौकशी करायला तो पहिली पसंती असू नये.

‘इन्कॉग्निटो’चा भरवसा किती, हे वेगळे सांगायला हवे. त्या खिडकीत पाहिलेल्या पानांची नोंद फोनवर राहत नाही. एक फोन घरातले चौघे वापरतात अशा घरात, सुनेने किंवा कॉलेजातल्या मुलाने काय शोधले हे इतरांना दिसू नये, यासाठी ती सोय मोलाची आहे आणि डॉक्टरांनी रुग्णांना ती सांगायला हरकत नाही. पण इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचे किंवा कॉलेजचे नेटवर्क आणि उघडलेले संकेतस्थळ यांना त्यामुळे काही दिसेनासे होत नाही. त्या खिडकीत आपल्या नावाने लॉगइन केले तर उरलेलाही अर्थ जातो. या गैरसमजावरूनच २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत जुन्या नोंदी नष्ट करायचे कंपनीने मान्य केले.

सगळे सोडून नवा ब्राउझर घ्या, असा सल्ला कोणी पाळत नाही. मीठ बंद करा म्हटल्यावर रुग्ण जे करतात तेच होते. सोपा तोडगा दोन ब्राउझरांचा. बँक, तिकिटे, कार्यालयाचे काम जिथे चालते तिथे चालू द्यावे. तब्येतीचे काही पाहायचे तर फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह, आयफोनवर सफारी, आणि तिथे कोणत्याही खात्यात लॉगइन करायचे नाही. याने माणूस पूर्ण अदृश्य होत नाही. फोनचा प्रकार, पडद्याचा आकार, आयपी पत्ता यांवरूनही ओळख पटवली जाते. पण रोज पाठीमागे बसणाऱ्या चौघांतले तिघे उठले तरी पुष्कळ झाले. आणि कोणताही ब्राउझर असो, त्याची नवी आवृत्ती आली की घ्यावी. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंगचा ब्राउझर हे सगळे क्रोमच्याच ‘क्रोमियम’ गाभ्यावर उभे आहेत, त्यामुळे त्या गाभ्यातली एक भेग सर्वांना बाधते.

सगळा भार रुग्णावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. सरकारी आरोग्य विभागांच्या आणि रुग्णालयांच्या पानांवर जाहिरात कंपन्यांचे तुकडे असण्याचे कारण नाही. ती पाने कोणत्याही ब्राउझरमध्ये, जुन्या फोनवर, मराठीत नीट उघडली पाहिजेत. एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, तरी तोच मागणारे एखादे सरकारी सॉफ्टवेअर कुठे उरले असेल, तर त्याची दुरुस्ती हे सुरक्षेचे काम समजावे. रुग्णालयांतल्या सामायिक संगणकांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. गजबजलेल्या वॉर्डात एकाच संगणकावर निवासी डॉक्टर, परिचारिका, कारकून आळीपाळीने बसतात. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असे ब्राउझर विचारतो, घाईत कोणी तरी ‘हो’ दाबतो आणि क्षयरुग्णांची यादी पुढच्या माणसाला विनासायास उघडते. पासवर्ड साठवण्याची सोय बंद करणे, ब्राउझर मिटला की त्यातल्या नोंदी पुसल्या जातील असे सेटिंग करणे, तिऱ्हाइतांच्या कुकी अडवणे, एवढे प्रत्येक संगणकावर करायला दहा मिनिटे लागतात. त्यासाठी ना निधी मंजूर करून घ्यावा लागतो, ना निविदा काढावी लागते.