झेकांचे पिस्तूल

गेल्या लग्नसराईत चंबळकाठच्या एका वरातीत आम्हांस जाण्याचा योग आला. वरपक्षाकडील तिघाचौघांच्या खांद्यांवर बंदुका होत्या आणि नवरदेव घोड्यावर चढताच त्या आकाशाकडे रोखून झाडल्याही गेल्या. अशा गोळीबारास आपल्या कायद्याने २०१९ सालच्या दुरुस्तीत स्वतंत्र शिक्षा सांगितली आहे, याचे स्मरण तेथे कोणासही नसावे. पंगतीत आम्ही शेजारच्या गृहस्थांजवळ नापसंती दर्शविली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "युरोपातल्या झेक देशाकडे पाहा. तेथे साधा नागरिक भरलेले पिस्तूल खिशात घालून हिंडतो, आणि तरीही खून आपल्याहून कमी! मग बंदुकीला दोष कशाला?"

हे गृहस्थ चांगले शिकलेले होते. हाच युक्तिवाद आम्ही अलीकडे पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो ऐकताना माणसे मान डोलावतात हेही पाहिले आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त झाले.

प्रथम, त्या गृहस्थांच्या म्हणण्यात खरे काय आहे ते मोकळेपणी मान्य करू. झेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. त्यात शस्त्रपरवाना बाळगणारे सुमारे तीन लाख, आणि त्यांतील बहुतेकांनी तो आत्मरक्षणासाठी घेतलेला. २००२ सालच्या ज्या कायद्याने ही व्यवस्था २०२५ अखेरपर्यंत चालविली, त्याप्रमाणे अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना द्यावाच लागे. अधिकाऱ्याच्या मर्जीचा तेथे प्रश्नच नव्हता. तुला कोणापासून भय आहे, असेही कोणी विचारीत नसे. आणि खुनांचे प्रमाण दरवर्षी लाख लोकांमागे एकाहूनही कमी! हे सारे खरे आहे. झेकांच्या शस्त्रप्रेमास इतिहासही आहे. १९३९ मध्ये जर्मनांनी देश बळकावला, तेव्हा नागरिकांच्या बंदुका काढून घेतल्या. पुढे कम्युनिस्ट राजवटीत परवाना ही मोजक्यांची चैन झाली. १९८९ नंतर झेकांना पिस्तूल हे स्वातंत्र्याचे लक्षण वाटले, यात नवल नाही. ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने निःशस्त्र केले, आणि ज्यांच्या राष्ट्रसभेने १९३१ साली कराचीस मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, त्या आपणांस तरी झेकांची ही भावना परकी वाटू नये.

पण ते गृहस्थ जे सांगत नाहीत, तेच या प्रकरणातले सार आहे. झेक नागरिकाच्या खिशात पिस्तूल येण्यापूर्वी वाटेत किती अडसर आहेत? आत्मरक्षणाच्या परवान्यास वयाची एकवीस वर्षे पुरी हवीत. गुन्ह्याचा डाग नको. वैद्यकीय दाखला हवा. मग लेखी परीक्षा: कायदा, शस्त्राची रचना, प्रथमोपचार. मग प्रत्यक्ष परीक्षा: शस्त्र सुरक्षितपणे हाताळून आणि नेम धरून दाखवावा लागतो. यातून पार पडल्यावरही ते चारचौघांत दिसता कामा नये. कपड्याखाली झाकूनच वागवावयाचे. मद्य घेतले असेल तर शस्त्र घरी. प्रत्येक शस्त्राची पोलिसांच्या दप्तरी नोंद. आमच्या वरातीतली मंडळी यांतील कोणत्या परीक्षेस उतरली असती, हे आम्ही सांगावयास नको. झेकांचे पिस्तूल लपलेले असते आणि आमची बंदूक मिरवण्यासाठीच घेतलेली असते, एवढा एकच भेद ध्यानात घेतला तरी ती तुलना निकालात निघते.

आमचे म्हणणे असे की झेक देशाची शांतता त्या पिस्तुलातून आलेली नाही. ती अडसरांतून आली आहे. आणि जेथे अडसर निसटला, तेथे काय झाले हेही त्याच देशाने पाहिले आहे. उहेर्स्की ब्रोद हे मोराव्हियातले लहानसे गाव; प्रख्यात झेक पिस्तुले जेथे बनतात तो कारखाना याच गावी. २४ फेब्रुवारी २०१५ रोजी तेथल्या एका उपाहारगृहात एक मनुष्य शिरला आणि त्याने भर दुपारी आठ जणांस ठार केले. परवाना त्याच्या नावावर होता, शस्त्रे कायदेशीर होती. त्याचे मन ठिकाणावर नाही हे शेजाऱ्यांना दिसत होते, दप्तराला दिसत नव्हते.

यातून काय बोध घेतला जावा? दप्तराचे डोळे उघडावेत, असे आम्ही म्हटले असते. परंतु २०१७ मध्ये युरोपीय संघाने शस्त्रांविषयी कडक निर्देश काढले, तेव्हा प्राग सरकारने त्यांविरुद्ध युरोपीय न्यायालयात धाव घेतली, आणि ३ डिसेंबर २०१९ रोजी तेथे ते हरले. मग २०२१ साली त्यांच्या संसदेने मूलभूत हक्कांच्या सनदेतच वाक्य घातले: आपल्या वा दुसऱ्याच्या जीविताचे रक्षण शस्त्राने करण्याच्या हक्काची कायद्याने ठरविलेल्या अटींवर हमी राहील. ज्या कलमात माणसाच्या जीविताचा हक्क सांगितला आहे, त्याच सहाव्या कलमाला हे वाक्य जोडले गेले. आम्हांस आक्षेप आहे तो येथे. पिस्तुलाला सनदेत आसन मिळाले. परीक्षेला, वैद्याला आणि नोंदवहीला "अटी" या एका शब्दात उभे राहावे लागले. ज्यांच्यामुळे देश सुरक्षित राहिला, त्यांचाच मान तळाशी.

पुढे दोनच वर्षांनी, २१ डिसेंबर २०२३ रोजी, चार्ल्स विद्यापीठाच्या कलाशाखेत चौदा जण मारले गेले आणि पंचवीस जखमी झाले. ज्या चौकात ती इमारत उभी आहे त्यास यान पालाख याचे नाव आहे. तो याच शाखेचा विद्यार्थी, रशियन आक्रमणाच्या निषेधार्थ जानेवारी १९६९ मध्ये त्याने स्वतःस जाळून घेतले. मारेकरीही विद्यार्थीच, आणि शस्त्रे पुन्हा परवान्यावरची! त्याचा बाप घरी मृत आढळल्यावर पोलीस त्याचा शोध घेतच होते. तो एका व्याख्यानास येईल म्हणून त्यांनी विद्यापीठाची दुसरी इमारत रिकामी केली. तो गेला भलतीकडेच. लाखो पिस्तुलांच्या त्या देशात त्याला अडविण्यास कोणा नागरिकाचे पिस्तूल उपयोगी पडले नाही. पोलीस जवळ येऊन ठेपल्यावर त्याने स्वतःलाच संपविले.

कोणी म्हणेल, ऑस्त्रावाच्या रुग्णालयात डिसेंबर २०१९ मध्ये सात बळी घेणाऱ्याजवळ परवाना कोठे होता? नव्हता. बेकायदा शस्त्रापुढे परवान्याचा कायदा लंगडा पडतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण चोर कुलूप फोडतो म्हणून कोणी दार काढून ठेवीत नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. सनदेतल्या त्या वाक्यामुळे कायदा यापुढे कधी कडक होणारच नाही, अशी आम्हांस धास्ती होती. ती खोटी ठरली. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वैद्यकीय तपासणी दहाऐवजी दर पाच वर्षांनी ठेवली आहे. संशयास्पद खरेदी कळविण्याचे बंधन दुकानदारावर आले, आणि धोका दिसताच शस्त्र तात्पुरते उचलून नेण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. म्हणजे झेकांनी अखेर अडसरच वाढविले. मात्र तेवढ्यासाठी प्रागच्या विद्यापीठात चौदा चिता पेटाव्या लागल्या.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांस सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि पाच वर्षांनी वैद्याकडे जाण्याची अट मात्र आपल्याकडे फार जाचक होईल असे म्हणाले. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळची दुनळी आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते आणि दसऱ्याला पुजली जाते. ती शेवटची साफ केव्हा केली, हे त्यांना आठवत नव्हते. आणि त्या रात्री वरातीत ती कोणाच्या खांद्यावर होती, हेही त्यांना ठाऊक नव्हते.