दगडफुलाची साक्ष

गोडा मसाला करणाऱ्या गृहिणीला दगडफुलाची ओळख करून द्यावी लागत नाही. काळपट-करड्या, चुरगळलेल्या कागदासारख्या दिसणाऱ्या या पापुद्र्याच्या नावात फूल असले, तरी ते फूल नव्हे. वनस्पतिशास्त्रात या जीवाला शैवाक किंवा लायकेन म्हणतात. कवक आणि शैवल या दोन भिन्न जीवांनी एकत्र थाटलेला हा संसार आहे. कवक आसरा आणि ओलावा पुरवते, तर शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. दोघांपैकी एकालाही मुळे नसतात. खडकावर किंवा झाडाच्या सालीवर बसून हवा, पाऊस, धुके आणि धूळ यांतून जे मिळेल त्यावर शैवाक जगते. मॉस म्हणजे हरिता ही वनस्पती निराळी असली, तरी तिलाही खरी मुळे नसतात आणि तिचेही बरेचसे पोषण हवेतून व पाण्यातूनच होते.

आकाशातून जे येईल ते स्वीकारावे, एवढेच या जीवांना ठाऊक असते. त्यांची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर आणि आयुष्य मात्र दीर्घ. त्यामुळे एकदा शरीरात शिरलेली द्रव्ये त्यांच्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात. याच गुणामुळे ध्रुवप्रदेशातील शैवाके आणि हरिता विसाव्या शतकातील एका मोठ्या अपराधाच्या साक्षीदार ठरल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर बलाढ्य राष्ट्रांमध्ये अण्वस्त्रांची स्पर्धा सुरू झाली. चाचण्यांसाठी जागा हव्या होत्या, आणि नकाशावर ज्या भागात गावांची नावे विरळ, ते भाग 'निर्जन' ठरवण्यात आले. उत्तर ध्रुववृत्तातील नोवाया झेम्ल्या या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या नेनेत्स लोकांना तेथून हलवण्यात आले. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने याच बेटांवर सुमारे ५० मेगाटन शक्तीचा बाँब फोडला. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबच्या तीन हजारांहून अधिक पट एवढी ती शक्ती होती. अमेरिका आणि ब्रिटन यांनीही आपापले बाँब इतरांच्या बेटांवर आणि वाळवंटांत फोडलेच होते. लोकवस्तीपासून दूर चाचणी केली म्हणजे कोणाचे नुकसान होत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद शैवाकांनी खोटा ठरवला. उघड्या हवेतील स्फोटांमुळे वर फेकली गेलेली किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर फिरते आणि पावसाबरोबर किंवा हिमाबरोबर खाली येते. तिच्यातील सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० हे घटक विशेष घातक आहेत. सीझियमला शरीर पोटॅशियम समजून स्वीकारते, तर स्ट्राँशियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत जाऊन बसते. दोघांचेही अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे आहे. म्हणजे आज असलेले प्रमाण निम्म्यावर यायला एवढा काळ जावा लागतो. ईव्हिल गोरॅम या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की इतर वनस्पतींच्या तुलनेत शैवाके आणि हरिता यांच्यात ही द्रव्ये कितीतरी अधिक प्रमाणात साठतात.

ही साठवण शैवाकापाशीच थांबत नाही. हिवाळ्यात बर्फ उकरून रेनडिअर प्रामुख्याने शैवाकच खातो. 'रेनडिअर मॉस' या नावाने ओळखली जाणारी वनस्पतीही वस्तुतः शैवाकच आहे. रेनडिअरचे मांस हे उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोकांचे अन्न, आणि रेनडिअरचाच भाऊबंद असलेल्या कॅरिबूचे मांस हे अलास्कातील अनेक आदिवासींचे. आकाशातून शैवाकात, शैवाकातून प्राण्यात आणि प्राण्यातून माणसात, असा हा अवघ्या तीन पायऱ्यांचा प्रवास आहे. स्वीडनमधील सामी लोकांच्या शरीरातील सीझियमचे प्रमाण देशातील इतर नागरिकांपेक्षा अनेक पटींनी अधिक असल्याचे १९६० च्या दशकाच्या आरंभीच मोजमापांतून दिसून आले. ज्यांनी बाँब बनवला नाही, फोडला नाही, ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्यांच्याच ताटात त्याची राख पडली.

शैवाकाची साक्ष केवळ भावनेला हात घालणारी नाही. ती प्रयोगशाळेत तपासता येते. सीझियम-१३४ या भावंडाचे अर्धायुष्य केवळ दोन वर्षांचे असते. ते अणुभट्टीत तयार होते. बाँबच्या धुळीत मात्र जवळजवळ आढळत नाही. म्हणून नमुन्यातील दोन्ही सीझियमांचे परस्परप्रमाण पाहिले, की दूषण चाचण्यांचे आहे की अणुभट्टीच्या अपघाताचे, हे सांगता येते. प्लुटोनियमच्या निरनिराळ्या प्रकारांवरूनही असाच माग काढता येतो. १९६४ मध्ये एक अमेरिकन उपग्रह कक्षेत पोहोचू शकला नाही आणि त्याच्यावरील प्लुटोनियमची ऊर्जापेटी वातावरणात जळून गेली. तिचा माग दक्षिण ध्रुवाकडील शैवाकांतही लागतो.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. वाऱ्याने नेलेले ढग स्वीडन आणि नॉर्वे येथे पावसाच्या रूपाने बरसले. त्यानंतर हजारो रेनडिअरांचे मांस फेकून द्यावे लागले. नॉर्वेने त्याच वर्षी रेनडिअरच्या मांसासाठी मान्य असलेली सीझियमची मर्यादा किलोमागे ६,००० बेक्वेरेलपर्यंत वाढवली, तर स्वीडनने १९८७ मध्ये ती ३०० वरून १,५०० वर नेली. सर्वसामान्य नागरिक हे मांस क्वचितच खातो आणि मर्यादा वाढवली नाही तर सामी लोकांचा पशुपालनाचा व्यवसायच बुडेल, हे त्यामागचे कारण होते. ते अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. प्राण्यांना स्वच्छ चारा देणे, सीझियम बांधून ठेवणारे प्रशियन ब्लू हे द्रव्य खाऊ घालणे असे उपायही योजले गेले. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये: कागदावरची मर्यादा वाढली म्हणून मांसातले विष कमी होत नाही. जे लोक ते मांस रोज खातात, त्यांना एकतर धोका पत्करावा लागतो, नाहीतर आपले पारंपरिक अन्न सोडावे लागते.

मग विज्ञानाचा उपयोग कोणासाठी? या प्रश्नाचे एक उत्तर अलास्काच्या इतिहासात सापडते. केप टॉम्पसन येथे अणुबाँब फोडून बंदर खोदण्याची 'प्रोजेक्ट चॅरियट' ही योजना १९५८ मध्ये अमेरिकेत आखली गेली. विल्यम प्रुइट आणि लेस्ली व्हिरेक या जीवशास्त्रज्ञांनी त्या परिसराचा अभ्यास करून शैवाक, कॅरिबू आणि माणूस यांच्यातील नात्याकडे लक्ष वेधले. त्यांचे निष्कर्ष गैरसोयीचे ठरले आणि दोघांनाही विद्यापीठातील आपल्या जागा गमवाव्या लागल्या. जवळच्या पॉइंट होप येथील इनुपियाक लोकांनी मात्र ठाम विरोध केला आणि १९६१ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्र लिहिले. पुढच्या वर्षी योजना गुंडाळण्यात आली. परंतु त्याच वर्षी प्रयोगासाठी नेवाडातील चाचणीची किरणोत्सारी माती तेथे आणून पुरली गेली, ही गोष्ट गावकऱ्यांना कळायला १९९२ साल उजाडावे लागले. १९९३ मध्ये ती माती काढण्यात आली, आणि त्याच वर्षी विद्यापीठाने त्या दोन्ही शास्त्रज्ञांना सन्माननीय पदवी दिली. सत्य सांगणाऱ्याला तीस वर्षे थांबावे लागले. ज्यांच्या भूमीत विष पुरले, त्यांनाही तेवढीच वर्षे अंधारात राहावे लागले.

दक्षिण ध्रुवाची कथाही वेगळी नाही. १९५९ च्या अंटार्क्टिका कराराने त्या खंडावर अणुस्फोट करण्यास आणि किरणोत्सारी कचरा टाकण्यास बंदी घातली. ही बंदी स्तुत्यच आहे. तरीही पोलंडच्या संशोधकांनी अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांवरून गोळा केलेल्या शैवाकांत आणि हरितांत सीझियम आढळले. करार माणसांना बांधतो, वाऱ्याला नाही. वारा स्वच्छ हवा असेल, तर तो जेथून सुटतो तेथेच काळजी घ्यावी लागते.

अशी काळजी घेतली तर फळ मिळते, हेही शैवाकांनीच दाखवून दिले आहे. १९६३ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी वातावरणातील अणुचाचण्या थांबवण्याचा करार केला. त्यानंतर उत्तरेकडील शैवाकांतील सीझियमचे प्रमाण हळूहळू उतरत गेले. या जीवांनी जशी माणसाच्या उन्मादाची नोंद ठेवली, तशीच त्याच्या शहाणपणाचीही ठेवली.

म्हणून ध्रुवावरील या इवल्या जीवांचा अभ्यास ही केवळ तज्ज्ञांची हौस मानणे योग्य नाही. कोणतीही जागा निर्जन असल्याचे सांगून तेथे धोकादायक उद्योग नेला जातो, तेव्हा तेथे कोण राहते, काय खाते आणि वारा कोठून कोठे वाहतो, हे आधी विचारले गेले पाहिजे. मोजमापांचे निष्कर्ष सर्वांत आधी त्या भूमीवर राहणाऱ्यांच्या हाती, त्यांच्या भाषेत पडले पाहिजेत. साक्षीदार मुका असला, तरी त्याची साक्ष वाचता येते. ती वाचल्यावर गप्प न राहणे ही जबाबदारी मात्र माणसाचीच आहे.