युद्धाचा कौल संसदेने द्यावा

सरकारी तिजोरीतून पैसा खर्चायचा तर आपल्या राज्यघटनेनुसार संसदेची संमती लागते. अनुच्छेद ३५२ खाली आणीबाणी पुकारली, तर एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांनी, तीही विशेष बहुमताने, तिला मान्यता द्यावी लागते. परंतु परक्या देशाच्या सरकारविरुद्ध, मर्यादित का होईना, लष्करी बळ वापरायचे झाले, तर संसदेचे मत घेण्याचे बंधन घटनेच्या कोणत्याही कलमात नाही. पैशावर जो पहारा आहे, तो जवानाच्या प्राणावर नाही. ही उणीव दूर झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय निघाला की गोव्याचे नाव येतेच, आणि परेरा-डिसोजा आडनावांच्या माणसांनी गोव्याविषयी प्रश्न विचारला की भुवया उंचावतात. म्हणून आधीच सांगून टाकतो: गोव्याची मुक्ती न्याय्य होती. सालाझारच्या राजवटीने वाटाघाटींचे दार बंद केले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिने निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. १८ व १९ डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईने साडेचारशे वर्षांची सत्ता संपली, याचा आम्हांला इतरांइतकाच आनंद आहे. आमचा आक्षेप रीतीला आहे. गोव्याचा प्रश्न चौदा वर्षे देशापुढे होता. तरीही सैन्य धाडण्यापूर्वी संसदेत त्यावर मतदान झाले नाही. संसदेचे मत उमटले ते १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीत, सारे घडून गेल्यावर.

न्याय्य बाजू असताना ही त्रुटी खपून जाते. बाजू धूसर असली की तिची किंमत मोजावी लागते. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी आपले सैनिक श्रीलंकेत उतरले. ते तेथील सरकारच्या संमतीने, शांती राखण्यासाठी गेले होते. ऑक्टोबरपासून मात्र ते तमिळ वाघांशी लढू लागले, आणि मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तोवर अकराशेहून अधिक जवान प्राणांस मुकले होते. मोहिमेचे स्वरूप पालटले, तेव्हाही संसदेचा कौल मागितला गेला नाही.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने शस्त्र उचलण्यास कडक अटी घातल्या आहेत: झालेली हानी गंभीर व निश्चित हवी, इतर सर्व उपाय थकलेले हवेत, यशाची खरी आशा हवी, आणि योजलेला उपाय रोगाहून भयंकर नसावा. या अटी पुऱ्या झाल्या की नाहीत, हे ज्यांच्यावर लोकहिताची जबाबदारी आहे त्यांनी ठरवावे, असेही तो सांगतो. राजेशाहीत तो राजा होता. प्रजासत्ताकात ती जबाबदारी बंद दाराआडच्या चारपाच जणांची कशी असेल?

कोणी म्हणतील, युद्ध चर्चेसाठी थांबत नाही. देशावर हल्ला झाला तर सरकारने तत्क्षणी प्रतिकार करावा. त्याला आमची ना नाही. पण सीमा ओलांडून जाण्याचा निर्णय वेगळा. ज्या ब्रिटनकडून आपण संसदीय पद्धत घेतली, तेथील कॉमन्स सभेने २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावरील कारवाईचा सरकारी प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. त्यामुळे ब्रिटन दुबळे झाले नाही. उलट अमेरिकेच्या काँग्रेसने ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाची परवानगी दिली, आणि ज्या संहारक अस्त्रांच्या साठ्यांसाठी ती दिली ते सापडलेच नाहीत. मतदान चुकू शकते, हे खरे. परंतु कोणी कोणत्या बाजूने हात वर केला, याची नोंद राहते आणि मतदार जाब विचारू शकतो. जेथे मतदानच नाही, तेथे जाब कोणाला विचारणार?

बोईसर-तारापूरकरांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत तारापूरचे नाव होते, कारण येथे अणुवीज केंद्र आहे. भारत व पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला एकमेकांना आपापल्या अणुप्रतिष्ठानांची यादी देतात; त्याच दिवशी कैद्यांचीही यादी दिली जाते, आणि पाकिस्तानी तुरुंगात खितपत पडलेल्यांत आमच्या पालघर किनाऱ्याचेही मच्छीमार असतात. ‘मर्यादित’ हा शब्द दिल्लीत उच्चारला जातो. त्याची मर्यादा मोडली तर झळ आमच्या गावांना लागणार.

संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण त्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा, असे अनुच्छेद ५३ सांगतो. तो कायदा संसदेने करावा: परभूमीवरील प्रत्येक कारवाईचा हेतू, व्याप्ती व मुदत सभागृहापुढे ठेवावी, निकड असल्यास तीस दिवसांत मान्यता घ्यावी, आणि मुदत वाढवायची तर पुन्हा मत मागावे. आगामी निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण एवढे एकच विचारावे: हा कायदा तुम्ही मांडाल काय?