किल्ला मुलांचा, जमीन कोणाची?

दिवाळीची सुट्टी लागली की मराठी मध्यमवर्गीय घरांत हल्ली एक ठरलेला प्रसंग घडतो. मुलगा कानांवर हेडफोन चढवून संगणकापुढे बसलेला असतो. पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांचा एक डोंगर, आणि त्या डोंगरावर तो तट बांधीत असतो. त्याच तटाच्या दुसऱ्या टोकाला नाशिकचा मामेभाऊ बुरूज रचतो आहे. वडिलांच्या बदलीमुळे बंगळुरूला गेलेला वर्गमित्र खाली खाणीत उतरून दगड आणतो आहे. तिघेही मोठमोठ्याने बोलत असतात, कोणी कोणाचे लोखंड पळवले यावरून भांडतही असतात. इतक्यात आजोबा खोलीत डोकावतात आणि म्हणतात, ‘‘आमच्या वेळी आम्ही अंगणात किल्ला करीत होतो. तुम्हाला कसली गोडीच राहिली नाही.’’ मुलगा मान वर न करता उत्तरतो, ‘‘आजोबा, किल्लाच करतोय.’’ आजोबांना तो उद्धटपणा वाटतो. वास्तविक मुलाने केवळ खरे ते सांगितलेले असते.

या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने मे २००९ मध्ये त्याचे पहिले कच्चे रूप लोकांपुढे ठेवले. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. अशा खेळांना सॅण्डबॉक्स म्हणतात, म्हणजे मुलांना खेळण्यासाठी केलेला वाळूचा हौद. नाव अगदी समर्पक आहे. येथे जिंकण्याची सक्ती नाही. शेवटी मारण्यासाठी एक ड्रॅगन आहे खरा, पण वर्षानुवर्षे खेळूनही त्याच्याकडे न फिरकलेले खेळाडू कितीतरी असतील. जग ठोकळ्यांचे, प्रत्येक ठोकळा एक मीटरचा, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असे सहा कोटी ठोकळे. म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सुमारे दीडपट लांबी! खेळातला दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांचा असतो. अंधार पडला की राक्षस निघतात, म्हणून पहिल्या संध्याकाळच्या आत डोक्यावर छप्पर हवे. मग शेती, खाण, भट्टी, वाडा, गाव. एकट्याने हे सारे करता येते. पण चार मित्र एका जगात उतरले की खेळाचा नूर पालटतो. कामे वाटली जातात, कोठार सामाईक होते, कोणीतरी चोरटा निघतो, कोणीतरी न्यायाधीश होतो आणि ‘दुसऱ्याचे घर फोडायचे नाही’ हा नियम कोणी मोठ्याने न सांगता ठरतो.

अंगणातल्या किल्ल्यावर वेगळे काय घडत होते? विटा आणि दगड रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, अळीव पेरून हिरवळ उगवण्याची वाट पाहायची आणि पाणी कोणी घालायचे यावरून हमरीतुमरीवर यायचे. बोटांना लागणारा चिखल पडद्यावर मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही नाही. परंतु तो आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला, हाही प्रश्न विचारायला हवा. वाडे पाडून सोसायट्या उभ्या राहिल्या, सोसायटीच्या आवारात सिमेंटचे ठोकळे बसले, त्या ठोकळ्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. ‘भिंती खराब होतात’ म्हणून कोपऱ्यातला मातीचा ढीग हलवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत कोणी केला? मुलांनी नव्हे. आणि सणाची हौस भागावी म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तयार किल्ला बाजारातून विकत आणणारेही मुलांचे वडीलच. ज्यांनी जमीन काढून घेतली त्यांनीच ‘तुम्हाला मातीची ओढ नाही’ असे मुलांना सुनावावे, हा उफराटा न्याय झाला.

एकाच पोत्यात सारे

या उफराट्या न्यायाच्या मुळाशी एक आळस आहे. पडद्यावर जे जे हलते ते सारे ‘मोबाइल’ या एकाच पोत्यात भरायचे आणि पोते बांधून टाकायचे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेला पबजी त्याच पोत्यात, पैसे लावून खेळायची रमी त्याच पोत्यात आणि तीन मित्रांनी बांधलेला किल्लाही त्याच पोत्यात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा केला, त्यानेदेखील हा गोंधळ केलेला नाही. पैसे लावण्याचे खेळ त्याने निषिद्ध ठरवले. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ त्यापासून वेगळे काढले. दिल्लीला जो भेद करता आला, तो घरातल्या घरात का करता येऊ नये?

दुसरीकडे सुशिक्षित पालकांचा एक नवा वर्ग आहे. त्यांना हा खेळ म्हणजे कोडिंगचा शिकवणीवर्ग वाटतो. ‘आमचा चिरंजीव त्यात लॉजिक शिकतो,’ असे ते पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. शिकत असेलही; रेडस्टोन नावाच्या लाल भुकटीने या खेळात तारा ओढून दरवाजे आणि यंत्रे चालवता येतात, हे खरे आहे. पण हे पालकही मुलाशेजारी पाच मिनिटे बसलेले नसतात. एकाचा राग आणि दुसऱ्याचे कौतुक, दोन्ही दारातूनच.

म्हणून वाद होतो तो तासांचा. एक तास की दोन, परीक्षेआधी की नंतर. मुले ज्या जमिनीवर बांधतात ती कोणाची आहे, हा त्याहून मोठा प्रश्न कोणी विचारत नाही.

घरमालक बदलला

प्रारंभी हे उत्तर सोपे होते. खेळ एकदा विकत घ्यायचा. कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्व्हरचा प्रोग्राम फुकट उतरवून घ्यायचा (तो आजही तसाच मिळतो), तो एखाद्याच्या घरातील संगणकावर चालवायचा आणि मित्रांना पत्ता द्यायचा. आत कोणाला घ्यायचे याची यादी मुलांच्या हाती. सारे जग संगणकातल्या एका फोल्डरमध्ये मावते. ते पेनड्राइव्हवर घेऊन खिशात टाकता येते. स्वतःचे अंगण म्हणावे ते हेच.

सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेर्सनची मोजांग ही कंपनी २५० कोटी डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी जूनमध्ये मोजांगने एक चांगला पवित्रा घेतला होता, हे नमूद केले पाहिजे. काही सर्व्हरचालक मुलांना पैसे घेऊन खेळातील शस्त्रे आणि सवलती विकत होते. मुलांनी उडवलेले पैसे परत मिळावेत म्हणून पालकांचे ईमेल कंपनीकडे येत होते. तेव्हा पैशाच्या जोरावर वरचढ होण्याची ही सोय कंपनीने निषिद्ध ठरवली. आणि तीनच वर्षांत, जून २०१७ मध्ये, खुद्द कंपनीचे दुकान खेळात उघडले! त्यात खरे पैसे देऊन खोटी नाणी घ्यायची आणि त्या नाण्यांनी पोशाख, रंगरूप आणि आयती बांधलेली जगे घ्यायची. तलवार विकत नाहीत, एवढाच फरक. आयते जग म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा किल्लाच की! मोबाइलवरील आवृत्तीत, जी भारतातील मुलांना सर्वांत सहज मिळते, हे दुकान खेळाच्या दारातच मांडलेले आहे.

पुढची पायरी जुलै २०२२ ची. संगणकावरील आवृत्तीत गप्पांबद्दल कंपनीकडे तक्रार करण्याची सोय आली. तक्रार खेळातीलच कोणीतरी करावी लागते आणि ती माणसेच तपासतात, असा कंपनीचा खुलासा आहे. परंतु कंपनीने खेळाडूला बाद केले की तो अनोळखी सर्व्हरवरूनच नव्हे, तर मित्राच्या घरातील खासगी सर्व्हरवरूनही बाद होतो. म्हणजे यजमानाने ‘ये’ म्हटले तरी पाहुण्याला दारात अडवणारा तिसराच! त्यानंतर आला खात्यांचा आदेश. जुनी खाती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात रूपांतरित करा, मुदत १९ सप्टेंबर २०२३. ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून खेळ घेतला होता आणि मुदत चुकवली, त्यांचा खेळ गेला. हवा असल्यास पुन्हा विकत घ्या. इतक्या वर्षांनी आपण खरेदीदार नसून भाडेकरू होतो, हे त्यांना मुदत टळल्यावर कळले.

याच वाटेने आणखी पुढे गेल्यास काय दिसते, ते पाहायचे तर रोब्लॉक्सकडे पाहावे. तेथे मुले केवळ खेळत नाहीत, इतरांसाठी खेळ तयार करतात आणि कंपनी त्याचे गोडवे गाते. हिशेब मात्र मुळातून पाहण्यासारखा आहे. खेळणाऱ्याला ८० रोबक्स घ्यायला सुमारे एक डॉलर पडे. त्या दराने ३०,००० रोबक्सची किंमत ३७० डॉलरच्या घरात जाते. तेच ३०,००० रोबक्स कमावणाऱ्या निर्मात्याने कंपनीला परत विकले, तर त्याला अनेक वर्षे १०५ डॉलर मिळत. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर थोडा वाढवला, ११४ डॉलर झाला. पोरांच्या श्रमावर अशी आडत कोणत्या बाजार समितीने खपवून घेतली असती?

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर आहे : हे सारे मुलांच्या सुरक्षिततेसाठी. हे उत्तर झटकून टाकता येणार नाही. अनोळखी माणसे मुलांशी गोड बोलून सलगी करतात, हे वास्तव आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये रोब्लॉक्सवर याच कारणासाठी खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. पण गप्पांसाठी वय तपासून घेण्याची अटही आणली. म्हणजे आता मित्राशी बोलण्यासाठी मुलाने आपला चेहरा किंवा ओळखपत्र कंपनीच्या कॅमेऱ्यापुढे धरायचे. अनोळखी माणसांचा बाजार प्रथम भरवायचा कोणी, आणि मग त्या बाजारात पहारा ठेवण्याच्या नावाखाली प्रत्येक पोराची ओळख गोळा करायची कोणी?

मुलांना खरोखर सुरक्षित ठेवणारी व्यवस्था कशी असते, त्याचे उदाहरण याच खेळात आहे. कॅनडातील स्टुअर्ट डंकन हे स्वतः स्वमग्न आणि स्वमग्न मुलाचे वडील. अशा मुलांना सार्वजनिक सर्व्हरवर छळले जाते, त्यांची बांधकामे पाडली जातात, हे पालकांकडून ऐकून त्यांनी २०१३ मध्ये ‘ऑटक्राफ्ट’ नावाचा सर्व्हर सुरू केला. आत येण्यासाठी आधी परवानगी लागते. त्रास देणाऱ्याला थारा नाही. आणि एखादे मूल रडवेले झाले तर त्याच्याशी बोलायला माणूस हजर असतो. तेथे पहारेकऱ्याला मुले ओळखतात आणि पहारेकरी मुलांना ओळखतो. हे पहारेकऱ्याचे काम पुण्यातील किंवा डोंबिवलीतील आईबापाला का जमू नये? घरातला जुना संगणक, ओळखीच्या सहा-सात मुलांची नावे घातलेली यादी, दर रविवारी त्या फोल्डरची एक प्रत. नाण्यांच्या दुकानासाठी कार्ड द्यायचे नाही. कोणत्याही कंपनीचे खाते नको असेल, तर फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये सुरू केलेला मुक्त खेळ आहे. पूर्वी मिनेटेस्ट, २०२४ पासून लुआंटी. तो फुकट आहे. दिसायला माइनक्राफ्टइतका गोजिरा नाही, हे मुले लगेच सांगतील. पण त्याचा मूळ प्रोग्रामच सर्वांना खुला असल्याने तेथे घरमालक बदलण्याची भीती नाही.

एवढे केल्यावर मग तासांचा वाद जरूर घालावा; अभ्यास आणि झोप यांचा हिशेब कोणत्याच खेळाला माफ नाही. परंतु तो वाद घालण्यापूर्वी आजोबांनी एकदा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसावे. त्यांच्या लक्षात येईल की पोरांनी महादरवाजा थेट उताराकडे तोंड करून बांधला आहे, कोणीही समोरून चालत यावे असा. दोन बुरुजांच्या कुशीत दडलेला, जवळ जाईपर्यंत दिसू नये असा गोमुखी दरवाजा कसा असतो, हे त्या तिघांपैकी एकालाही ठाऊक नाही. कंपनीच्या दुकानातही ते मिळत नाही. आजोबांनी रायगड तीनदा पाहिला आहे.