बंदुकीची डागडुजी आणि कायद्याची वेस

रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी बंदुकीचा परवाना मागणे पालमसारख्या ग्रामीण तालुक्यांना नवे नाही. पीकसंरक्षणाचे कारण १९५९ च्या शस्त्र कायद्यालाही मान्य आहे. मात्र परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, तिच्यात बदल करण्याचा नव्हे. नेमका हाच फरक अनेकदा विसरला जातो.

वडिलोपार्जित बंदुकीची नळी पुसणे, तेल देणे ही देखभाल झाली. परंतु गंज काढताना पॉलिश पेपरने नळीवरील क्रमांक पुसला गेला, तर प्रकरण गंभीर होते. कलम ८ नुसार क्रमांक नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो खोडला असे गृहीत धरले जाते. निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

नळी कापून आखूड करण्यास कलम ६ ची बंदी आहे. अर्धस्वयंचलित बंदुकीत चाप एकदा ओढला की एकच बार निघतो. फेरफारामुळे ती सलग बार काढू लागली, तर तिची गणना प्रतिबंधित शस्त्रांत होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना रूपांतरासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

अधिकृत दुरुस्ती करणारे बहुधा मोठ्या शहरांत असतात. तेथवर जाण्याचा खर्च वाचविण्यासाठी घरीच कानस हाती घेण्याचा मोह होतो. परवाना देताना प्रशासनाने हे नियम मराठीत समजावून सांगितले, तर पीक राखणारा शेतकरी अजाणतेपणी आरोपी ठरणार नाही.