मात्रा केवळ वजनावर ठरत नाही



‘बाळाला अँटिबायोटिक वजनावरून देतात, मग रक्तातली पातळी कशाला मोजायची?’ हा मागच्या अंकातल्या पत्रातला प्रश्न वाचून गप्प बसवेना. नवजात अतिदक्षता विभागात मी परिचारिका होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. त्यात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक पातळ होते, म्हणून किलोमागे डोस मोठा लागतो. पण कोवळी मूत्रपिंडे ते सावकाश बाहेर टाकतात, म्हणून पुढचा डोस कधी ३६, कधी ४८ तासांनी. जन्मताना गुदमरलेल्या बाळात हा वेग आणखी मंदावतो. औषध साचले तर मूत्रपिंडांना इजा होते, आणि कानांनाही. गेलेले ऐकू येणे बहुधा परत येत नाही. १९५९ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या दुसऱ्या अँटिबायोटिकने बाळे करडी पडून दगावल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांच्या यकृताला ते औषध पेलले नव्हते.

रक्ततपासणीच्या खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. मंडला, डिंडोरीहून जबलपूरला बाळ घेऊन येणाऱ्या आईबापांची ओढाताण मी पाहिली आहे. तरीही लघवी कमी झाली, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढले किंवा उपचार लांबले, तर पुढच्या डोसाआधी थोडे रक्त तपासायलाच हवे.

एक निवृत्त परिचारिका, जबलपूर