घाटाची धाव आणि मध्यम मार्ग

आपल्या वसतिगृहातील काही मुलांनी व माजी विद्यार्थ्यांनी साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचा ध्यास घेतला आहे. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असे हे सुमारे २१ किलोमीटरचे अंतर. या ध्यासाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र तयारीची रीत कोणती असावी, याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अनवाणी, अर्धपोटी धावून जिंकलेल्या मुलाचे कौतुक वर्तमानपत्रांतून होते. परंतु त्याच्या पायांत बूट का नव्हते, हे कोणी विचारीत नाही. आम्ही ते विचारतो. अभाव हा सद्गुण नव्हे. त्यामागे अन्यायाचा इतिहास असतो. २०१४ साली मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही तरुणांनी प्राण गमावले. ती गरजवंतांची धाव होती. आमची मुले तशी धावू नयेत.

सोण कोळिविस या भिक्खूने राजगृहाजवळील सीतवनात चंक्रमण करता करता आपले तळपाय रक्तबंबाळ केले. तथागतांनी त्याची पाठ थोपटली नाही. वीणेच्या तारा फार ताणूनही चालत नाहीत आणि सैल सोडूनही चालत नाहीत, हे त्याच्या ध्यानी आणून दिले. जपानच्या हिएई पर्वतावरील तेंदाई पंथाचे साधक सात वर्षांत १००० दिवस डोंगरवाटा तुडवतात. पहिल्या वर्षी मात्र केवळ १०० दिवस. ही क्रमवारी घेण्याजोगी आहे. परंतु ७०० दिवसांनंतर नऊ दिवस अन्न, पाणी व झोप वर्ज्य करण्याचे त्यांचे व्रत आम्ही त्याज्य मानतो. सिद्धार्थाने देहदंडाचा मार्ग अनुभवाअंती सोडला, तो पुन्हा आपण का धरावा?

म्हणून तयारी बुद्धिनिष्ठ असावी. अंतर आठवड्यागणिक थोडेथोडेच वाढवावे. तीव्र चढावर चालण्यात कमीपणा मानू नये. उताराचा सराव वेगळा करावा, कारण तेथे शरीराचा वेग आवरताना गुडघे व मांड्या यांवर सर्वाधिक ताण पडतो. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी; दुखणे लपविणे हे शौर्य समजू नये. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी हे संपूर्ण अंतर नको. लहानांनी टेकडीवर रमावे. आणि मुलींनाही हीच संधी, हाच सराव मिळावा.

संस्थेच्या चालकांस आमची विनंती आहे की, पदकांचे कपाट घेण्याआधी प्रत्येक धावपटूस योग्य बूट, न्याहारीस अंडी किंवा उसळ आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी द्यावी. घाट चढण्याची जिद्द आमच्या मुलांपाशी आहेच. आता त्यांना साधने देण्याचे उत्तरदायित्व आपले आहे.